डावीकडची पेटी

संपादक, तुमच्या या सदराबद्दल मी आधी दोन पत्रं पाठवली होती. दोन्ही खरमरीत होती आणि दोन्ही तुम्ही छापली नाहीत. चिंचेखाली दिसलेली बाई, गाडीपुढे आडवा आलेला म्हातारा... असल्या गोष्टींना तुमच्याकडे पानंच्या पानं आहेत आणि कामगाराच्या बातमीला चार ओळी नाहीत, असा माझा सवाल होता. तो आजही आहे. तरी हे तिसरं पत्र मी त्याच सदरासाठी पाठवतोय, कारण दुसरीकडे कुठे पाठवावं ते मला सुचलं नाही.

मी सोलापूरचा. वय पंचवीस. यंत्रमाग कामगारांची आमची छोटी संघटना आहे, तिची पत्रकं मी लिहितो, छापून आणतो आणि शेडच्या दारात उभा राहून वाटतो. ‘मागाला लिंबू-मिरची बांधू नका, पट्ट्याला जाळी बांधा’ हे पत्रक माझं. अंगात येणाऱ्या बायांवर लिहिलेलं पत्रक माझं, आणि त्याबद्दल गल्लीत खाल्लेल्या दोन थपडाही माझ्याच. भूत, पिशाच्च, आत्मा यांतलं काहीही मी मानलेलं नाही. आजही मानत नाही. जे घडलं ते फक्त सांगतो.

आम्ही पद्मशाली. घरात तेलुगू बोलतो, म्हणून थोरल्या भावाला मी अन्ना म्हणायचो आणि त्याच्या बायकोला वदिना म्हणतो. आई-वडील लवकर गेले. मला अन्नाने वाढवलं, दोन मागांवर बारा-बारा तास उभं राहून. त्याच पैशातून मी मॅट्रिक झालो आणि त्याच्याच मालकाविरुद्ध पत्रकं काढायला लागलो. तो मला पत्रकवाले म्हणायचा. ‘पत्रकवाले जेवले का? का आज उपोषण हाय?’

त्या बारा तासांनी त्याचा डावा कान गेला होता. पार. डॉक्टर म्हणाले, शीर मेली. उजव्या कानाने बरं ऐकू यायचं. त्यामुळे घरात सगळे त्याच्या उजवीकडे बसायचे. रस्त्याने जाताना वदिना उजवीकडून चालायची. मी मुद्दाम डावीकडे बसून मालकाला शिव्या घालायचो, आणि माझं तोंड हलताना दिसलं की अन्ना म्हणायचा, ‘भाषण इकडून करा साहेब, तिकडचं दुकान बंद आहे.’

आणखी एक गंमत होती. आम्ही तिला गंमतच म्हणायचो. अन्नाला डावीकडून हाक मारली की तो उजवीकडे बघायचा. उजवीकडे भिंत असायची. तो भिंतीला विचारायचा, ‘काय रे?’ आम्ही पोट धरून हसायचो. एका कानाच्या माणसाला आवाज कळतो, पण आवाजाची बाजू कळत नाही. सगळं जग त्याला चांगल्या कानाकडूनच ऐकू येतं. हे शास्त्र मला तेव्हा माहीत नव्हतं. नुसतं हसणं माहीत होतं.

अजून एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे ती लागणार आहे. आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे धावणारा लाकडी धोटा, त्याच्या बाजूला एक बारीक भोक असतं. नवी कांडी, म्हणजे धागा भरलेली नळी, आत घातली की धाग्याचं टोक आतून त्या भोकापाशी आणायचं आणि बाहेरून ओठ लावून श्वासाबरोबर ओढून घ्यायचं. प्रत्येक विणकर दिवसातून कितीतरी वेळा हे करतो. धाग्याबरोबर कापसाचे तंतू घशात जातात, एकाच धोट्याला चारजणांची तोंडं लागतात, छातीचे रोग पसरतात. त्यावरही मी पत्रक काढलं होतं. अन्ना ते वाचून म्हणाला, ‘मग काय नाकाने ओढू?’ त्याची ओढण्याची एक तऱ्हा होती. एक छोटा ओढा, मग एक लांब, मग जिभेवरचे तंतू थू करून टाकायचे. स्स्प्... स्स्स्प्... थू. घरी भाकरी खाऊन झाली की दातात अडकलेलंही तो तसंच काढायचा. वदिना चिडायची.

आता अपघात.

अठ्ठ्याहत्तर सालचा मार्च, सकाळची पाळी. साखर पेठेच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड, चोवीस माग. मी दारात पत्रकं घेऊन उभा होतो. अन्ना आपल्या मागाकडे तोंड करून उभा राहिला की दार त्याच्या डाव्या हाताला येतं. दार आणि तो यांच्यामध्ये वरच्या शाफ्टवरून उतरलेला, माग फिरवणारा पट्टा. त्याला जाळी नव्हती. किती वेळा मागितली, किती वेळा लिहून दिलं... ते असो. पट्ट्याचा सांधा उसवत होता. मोकळं टोक फटके मारायला लागलेलं मला दारातून दिसलं.

मी ओरडलो, ‘अन्ना!’

त्याने हाक ऐकली. मान वर केली आणि तो उजवीकडे वळला. तिकडे हाक मारणारा कुणी दिसेना, म्हणून बघत बघत दोन पावलं मागे सरकला. मागे म्हणजे पट्ट्यात.

मला माहीत होतं. घरातल्या भांड्यांनासुद्धा माहीत होतं. तरी मी डावीकडून हाक मारली, कारण मी डावीकडे उभा होतो. आत धावत जाऊन खांदा धरायला किती वेळ लागला असता, हे मी नंतर पावलं टाकून मोजलं. अकरा पावलं.

मी रडलो नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. तेराव्यापर्यंत मी दोन पत्रकं लिहिली. लोक म्हणाले, घट्ट आहे पोरगा. घट्ट वगैरे काही नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई मारल्यावर गाल असतो तसं सगळं होतं. हात लावला तर हात लागलेला कळतो, एवढंच.

चौकशी लागली. मालकाने लिहून दिलं की कामगार शुद्धीत नव्हता. पुरावा काय? तर जॉबरने, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्याने पाहिलं, आणखी दोघांनी पाहिलं : भावाने डावीकडून हाक मारली आणि हा उजवीकडे वळून उलटा चालत पट्ट्यात गेला. ‘पिलेला नसता तर माणूस असं करंल काय, साहेब?’ जाळीचा प्रश्नच मिटला. अन्नाने आयुष्यात कधी दारूला हात लावला नव्हता. पण गल्लीत बायका नळावर बोलायला लागल्या. आता कळलं, म्हणे. रोज रात्री उशिरा का यायचा ते आता कळलं.

मी नुकसानभरपाईच्या कलमांबद्दल बोलायला लागलो तेव्हा वदिनाने मला थांबवलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, ‘ते तू बघ, नाहीतर नको बघू. मला एकच पायजे. त्या कागदावर ते पिलेले होते असं लिहिलंय, ते पुसून दे.’

‘पुसून’ म्हणाली. जसं काही माझ्या खिशात खोडरबर होतं.

कन्ना चौकाच्या अलीकडे आप्पांचं दुकान आहे. लग्नाला, सभेला लाऊडस्पीकर भाड्याने देतात. आमच्या सगळ्या सभा त्यांच्याच कर्ण्यांवर झाल्या. अक्कलकोटकडचे, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि कर्णा बिघडला की तिसरीच भाषा. त्यांचा भाचा जहाजावर नोकरीला. त्याने बाहेरून एक स्पूलचा टेपरेकॉर्डर आणला होता, स्टीरिओ. दोन माईक, दोन पेट्या. त्या उन्हाळ्यात आप्पांना दुसरं काही सुचत नव्हतं. जो दुकानात येईल त्याला धरून खुर्चीत बसवायचे.

‘तम्मा, बस हितं. डोळं मिट. आता सांग, गाणारा कुटं हाय?’

मी म्हटलं, ‘समोर. मधोमध.’

‘डोळं उघड. मधोमध काय हाय?’

मधोमध काहीच नव्हतं. भिंत होती, तिच्यावर कॅलेंडर. पेट्या दोन कोपऱ्यांत होत्या. पण गाणारा कॅलेंडरच्या जागी उभा होता, तबला त्याच्या जरा उजवीकडे, खाली बसलेला. पेटीतून काही येतंय असं वाटतच नव्हतं. माणसं खोलीत आल्यासारखी वाटत होती.

‘जादू इल्ला, जादू न्हाय,’ आप्पा म्हणाले. ‘आवाज या कानाला थोडा आधी पोचतो, त्या कानाला थोडा मागनं. डावीकडं जास्त, उजवीकडं कमी. बाकीचं समदं आपलं डोकंच रचतंय बघ.’ मग त्यांनी डाव्या पेटीची वायर उपसली. एका क्षणात गाणारा, तबला, सगळे जाऊन उजव्या कोपऱ्यात गोळा झाले.

मी खुर्चीतून उठलो. म्हणालो, ‘आप्पा, हाच अन्नाचा कान.’

तिथेच ठरलं. अन्ना उभा राहायचा त्या जागी दोन माईक ठेवायचे, दोन कानांच्या अंतरावर. दारातून हाक मारायची, टेप करायची. चौकशीच्या साहेबांना खुर्चीत बसवायचं. दोन्ही पेट्या चालू असताना हाक डावीकडून येईल. मग डावी पेटी बंद करायची, आणि साहेब स्वतः उजवीकडे वळतील. शुद्धीतला, खुर्चीतला, सरकारी माणूस. बास. मला ते माझ्या कुठल्याही पत्रकापेक्षा चांगलं वाटलं.

साहेबांनी परवानगी दिली. मालक हसला. ‘करा की रेकॉर्डिंग. मागावर गाणी म्हणा.’

मे महिन्यात एका सकाळी आम्ही शेडमध्ये गेलो. बावीस माग चालू होते. अन्नाचे दोन बंद, त्या जोडीला अजून कुणी हात लावला नव्हता. आप्पांनी अन्नाच्या उंचीचा बांबू उभा केला, त्याला दोन्ही बाजूंनी माईक लावले. मध्ये डोकं पाहिजे म्हणाले, नाहीतर दोन्ही कानांना सारखंच जाईल. मग वदिनाने दिलेली उशी बांधली. हो, अन्नाचीच. घरात जादा दुसरी नव्हती. यावरून कुणाला काही अर्थ काढायचा असेल तर त्याने काढावा, मी काढत नाही.

सगळ्यांना लांब उभं केलं. अन्नाच्या जागी फक्त बांबू आणि उशी. मी दारात गेलो, त्याच फरशीवर. आप्पांनी हात वर केला. आणि मी उशीला हाक मारली, ‘अन्ना!’ घशातून आवाज निघाला. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. माग चालू होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांच्या दुकानात तालीम ठेवली. शटर अर्धं खाली ओढलेलं. वदिनाला मीच बोलावलं होतं. ती त्याच शेडमध्ये आठ वर्षं कांड्या भरत होती, कुठला माग कुठे आहे ते तिला न बघता कळतं. म्हटलं, साहेबांच्या आधी हिच्या कानावरून जाऊ दे. पेट्यांच्या वायरी मी जोडल्या. आप्पांनी वदिनाला खुर्ची पुसून दिली. ‘बसा अक्का. घाबरू नका, नुसता आवाज हाय.’

टेप सुरू झाली. शेड दुकानात आली. याच्याहून वेगळं सांगता येत नाही. वदिनाने डोळे मिटले होते. अर्ध्या मिनिटाने म्हणाली, ‘उलटं हाय.’

‘काय उलटं?’

‘तो ठोका चुकणारा लंगडा माग दारापाशी असतो, डाव्या हाताला. तो उजवीकडं वाजतोय. समदी शेड उलटी केलीया तुमी.’

आप्पांनी पेट्यांच्या मागे वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ‘पत्रकवाले! डावी वायर उजवीला जोडलीया. भाषण करणाऱ्यानं वायरीला हात लावू नये की.’

मी वायरी बदलायला उठलो. वदिना डोळे न उघडता म्हणाली, ‘आणि हे धागा कोण ओढतंय?’

‘अक्का, चोवीस मागांची शेड. कोण न कोण ओढतच असंल की.’

‘बावीस माग चालू असताना ओरडल्याबिगर शेजारच्याचं बोललेलं ऐकू येत न्हाय, आप्पा. धागा ओढलेला कसा ऐकू येईल?’

मग मलाही ऐकू आलं. मागांच्या आवाजात मिसळलेलं नव्हतं. त्याच्या अलीकडे, कोरडं, स्वच्छ. स्स्प्... स्स्स्प्... थू.

आप्पांनी टेप मागे घेतली. मी वायरी नीट जोडल्या. पुन्हा लावली. लंगडा माग उजवीकडून उठून डावीकडे आपल्या जागी गेला. शाफ्टची घरघर जागा बदलून गेली. सगळी शेड आरशातून बाहेर आल्यासारखी सरळ झाली. आणि तो आवाज... तो जिथे होता तिथेच होता. डावीकडे. पेटीतही नाही. पेटी आणि खुर्ची यांच्या मध्ये, हातभर अंतरावर, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

मी वदिनाला उठवून स्वतः खुर्चीत बसलो. मुद्दाम वायरी पुन्हा उलट्या करायला लावल्या. शेड उलटली. तो नाही. मी डाव्या कानात बोट घातलं, घट्ट. सगळे माग उजवीकडे घसरले, जसे घसरायला पाहिजेत. तो आवाज बोट घातलेल्या बाजूलाच राहिला. तितकाच स्वच्छ.

‘आप्पा, डावी पेटी काढा.’

आप्पांनी वायर उपसून हातात धरली. तांब्याची दोन टोकं मला दिसत होती. बावीस माग उजव्या कोपऱ्यात गोळा झाले. डावीकडे पेटी मुकी. आणि डावीकडून...

आप्पा कानडीत काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. एरवी मी बोललो असतो. मी यादी धरून तपासावं तसं सगळं तपासत होतो : वायर, पेटी, रेडिओ बंद आहे का, शेजारच्या दुकानात कुणी आहे का. मी शटर वर करून रस्त्यावर पाहिलंसुद्धा. उन्हात एक सायकल उभी होती.

टेपवर माझी हाक जवळ आली होती. ती मला ऐकायची नव्हती, म्हणून मी रस्त्यावरच थांबलो. आत आलो तेव्हा टेप बंद होती. वदिना रिकाम्या जागेकडे बघत होती, पेटी आणि खुर्चीच्या मधे. चेहऱ्यावर भीती नव्हती. म्हणाली, ‘त्या बाजूला कधी उभं राहू देत नव्हते कुणाला. आता सोता राहिलेत.’

मी म्हटलं, ‘वदिना, तसं काही नसतं.’

‘बरं,’ ती म्हणाली.

चौकशी चार दिवसांनी होती. हातगाडीवर पेट्या नेल्या. साहेबांची खोली, टेबल, मालक, त्याचा एक माणूस, जॉबर, आम्ही तिघं. टेपमध्ये गोंधळ नको म्हणून आप्पांनी पंखा बंद करवला. साहेब घाम पुसत खुर्चीत बसले. बरे माणूस होते, थकलेले.

मी म्हटलं, ‘साहेब, डोळे मिटा. हाक आली की विचार न करता तोंड तिकडे करा.’

पहिल्यांदा दोन्ही पेट्या. ‘अन्ना!’ साहेब डावीकडे वळले.

‘आता ज्याचा डावा कान मेलाय त्याला कसं ऐकू येतं ते बघा.’ आप्पांनी वायर काढली. टेप सुरू झाली. थोड्या वेळाने साहेबांच्या कपाळाला आठी पडली. मान हळूहळू डावीकडे कलली, काहीतरी बारीक ऐकताना कलते तशी. मग हाक आली, आणि साहेब झटकन उजवीकडे वळले. पार वळले. समोर भिंत होती.

त्यांनी डोळे उघडले, भिंत पाहिली आणि म्हणाले, ‘अरेच्चा!’

जॉबर खाली बघायला लागला. मालक म्हणाला, ‘हे यंत्राचे खेळ झाले, साहेब.’

‘खेळ खरा, पण वळलो मीच ना?’ साहेब म्हणाले. पेन उचललं. मग थांबले. मुक्या पेटीकडे बघत मला विचारलं, ‘ही पेटी बंदच होती?’

आप्पांनी वायर वर करून दाखवली.

‘मग या बाजूने... काहीतरी येत होतं. कुणीतरी तोंडाने काहीतरी ओढल्यासारखं. तुम्हाला ऐकू आलं?’

मालक लगेच सावरून बसला. त्याचा माणूस म्हणाला, ‘बघा साहेब, वायर काढूनसुद्धा वाजते. काय भरवसा असल्या मशीनचा?’

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हणालो असतो तर टेप बाद, कागद तसाच. आणि मी तर दारात उभा राहून ओरडणारा माणूस आहे : पुरावा दाखवा, पुरावा दाखवा. वदिना माझ्या उजव्या हाताला उभी होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

मी म्हणालो, ‘नाही साहेब. मला काही ऐकू आलं नाही.’

‘पंखा असेल,’ साहेब म्हणाले आणि लिहायला लागले.

पंखा बंद होता. तो आप्पांनी त्यांच्यासमोरच बंद करवला होता.

कागद जूनमध्ये हातात आला. त्यात लिहिलं होतं की मयत कामगार नशेत असल्याचा पुरावा नाही, एका कानाच्या बहिरेपणामुळे हाकेची दिशा कळण्यात चूक झाली, पट्ट्याला जाळी नव्हती. मी वदिनाला तीनदा वाचून दाखवला. तिने घडी घालून ट्रंकेत लुगड्याखाली ठेवला. नळावर बायकांना तो दाखवायला गेली नाही. मला वाटलं होतं जाईल.

संध्याकाळी जेवायला वाढताना म्हणाली, ‘तुला ऐकू आलं होतं की.’

‘हो.’

‘मग न्हाय म्हणालास.’

‘कागद मिळाला नसता, वदिना.’

तिने ताटात डाळ वाढली. मग म्हणाली, ‘बरं केलंस. भाकर घे.’ मी घेतली. चव लागली नाही, पण ती मार्चपासूनच लागत नव्हती.

त्यानंतर मी विचारत फिरलो. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे एक प्राध्यापक आहेत, ते म्हणाले, स्पूलवर टेपच्या एका वेढ्याचा आवाज दुसऱ्या वेढ्यावर उमटतो. ठीक. पण मग तो वायरीबरोबर बाजू का बदलत नाही? ते म्हणाले, मेंदू सवयीप्रमाणे जागा ठरवतो. ठीक. पण साहेबांच्या मेंदूला अन्नाची काय सवय? ते म्हणाले, तुम्ही दुःखात आहात. मी म्हटलं, मी दुःखात असतो तर बरं झालं असतं. आप्पांना विचारलं तर ते म्हणतात, तम्मा, ती टेप घेऊन जा माझ्या दुकानातनं, मी काय विचारत न्हाय, तू पण विचारू नको.

टेप घरी आणण्याआधी मी आप्पांना म्हटलं, एकदा शेवटपर्यंत लावा. कारण ती हाक मी कधी नीट ऐकलीच नव्हती. तालमीत रस्त्यावर पळालो होतो, चौकशीत साहेबांच्या मानेकडे बघत होतो. आप्पा बाहेर जाऊन बसले. मी खुर्चीत बसलो, दोन्ही पेट्या चालू, वायरी सरळ.

हाकेच्या आधी तो आवाज तीनदा येतो. छोटा ओढा, लांब ओढा, थू. चौथ्यांदा छोटा ओढा येतो, लांब सुरू होतो, आणि तेवढ्यात माझी हाक येते. लांब ओढा अर्ध्यावर थांबतो. धागा ओठाला आणि माणूस थांबलेला, तसा. त्यापुढे सात-आठ मिनिटं टेप आहे. त्यात बावीस माग आहेत, दुसरं काही नाही.

हे असं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्याच्याकडे असेल त्याने तुमच्या पत्त्यावर कळवावं. पण आधी येऊन खुर्चीत बसावं आणि मग लिहावं. भुताखेताचं उत्तर मला चालणार नाही. नुसत्या वेढ्यांचंही चालणार नाही.

मी ती टेप खूप वेळा ऐकली आहे. त्याने हाक ऐकली, हे तिच्यावर आहे. ऐकून तो कुठल्या बाजूला वळला, ते नाही.